छोट्या शहरातले बेघर: आधी नावांची यादी, मग इमारत

रात्री साडेअकराला शेवटची मुक्कामी गाडी लागली की आमच्या एसटी स्टँडवर एक वेगळीच वस्ती दिसायला लागते. दिवसा ती असतेच, पण प्रवाशांच्या गर्दीत मिसळून जाते. फलाटाच्या मागं पोत्यांवर झोपलेले दोघं, पासच्या खिडकीखाली गाठोडं उशाला घेतलेली एक म्हातारी, रसवंतीच्या बाकड्याखाली एक पोरगा जो कुणाशीच बोलत नाही. काही वर्षांपूर्वी इथं चार-पाच जण असायचे, आता वीसेक तर नक्की असतात आणि हे फक्त स्टँडचं झालं, रेल्वे स्टेशन, सिव्हिलचं आवार, देवळाची ओवरी, पुलाखाली ते वेगळेच.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, लाखभर वस्तीचं गाव आहे, नगरपरिषद आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गावासारखंच. मी आधी नुसता हौशी कार्यकर्ता म्हणून आणि नंतर संस्थेकडून बेघर निवाऱ्याच्या कामात पडलो. आजूबाजूच्या गावांतनं सारखे फोन येतात की आमच्याकडंपण बेघर वाढलेत, नगरपरिषद म्हणते बजेट नाही, कुठनं सुरुवात करायची. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा बैजवार लिहून काढतो. नगरसेवक असाल, न.प.चे कर्मचारी असाल, नाहीतर गणपती मंडळातले कार्यकर्ते असाल, सगळ्यांना उपयोगी पडेल असं बघतो.

पायरी १: रात्री फिरा आणि नावानिशी यादी करा

सगळेजण इमारतीपासून सुरू करतात आणि तिथंच माती खातात. आम्हीपण खाल्ली, ते खाली सांगतो. आधी यादी. आकडा नाही, यादी.

आकडे सरकारकडं आहेत. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघर मोजले, ते भरले १७ लाख ७३ हजार, त्यातले ९ लाख ३८ हजार शहरांतले. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर. २००१ च्या मानानं खेड्यातले बेघर कमी झालेले आणि शहरातले साधारण २० टक्क्यांनी वाढलेले. पण एका रात्रीत मोजलेला आकडा तुमच्या गावाच्या काय कामाचा, ज्याला पोलीस उठवतील म्हणून भीती वाटते तो माणूस मुद्दाम दिसणार नाही अशा ठिकाणी झोपतो आणि मोजणीत येतच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, तेव्हा तुमची यादी तयार असली तर मोजणीला येणाऱ्या गुरुजींना घेऊन तुम्हीच फिरा, निम्मं काम होईल.

छोट्या शहराची एकच गोष्ट मोठ्या शहरापेक्षा भारी आहे, ती म्हणजे इथं बेघर माणसं साठ-ऐंशी नाहीतर फारतर दीडशे असतात आणि एवढी माणसं नावानं ओळखता येतात. मुंबईत ते कुणाच्या बापाला जमणार नाही. कॅनडात मेडिसिन हॅट नावाचं साठ-पासष्ट हजार वस्तीचं शहर आहे, त्यांनी हेच केलं, प्रत्येकाची नावानिशी यादी ठेवून एकेकाच्या मागं लागले आणि २०२१ मध्ये वर्षानुवर्षं रस्त्यावर असलेल्यांचा प्रश्न त्यांनी जवळजवळ संपवून दाखवला. त्यांच्याकडं घरं द्यायला पैसा होता, आपल्याकडं नाही, हे मान्य. पण यादी करायला पैसा लागत नाही.

कशी करायची ते सांगतो. रात्री ११ ते २ मध्ये फिरायचं, सलग तीन रात्री, त्यातली एक रात्र आठवडी बाजाराच्या आदली पाहिजे कारण त्या रात्री माणसं वेगळी असतात. दोन टीम करा, प्रत्येक टीममध्ये एक बाई हवीच, नाहीतर बेघर बायका तुमच्याशी बोलणारच नाहीत. पोलीस ठाण्यात कळवून ठेवा पण पोलिसाला बरोबर घेऊ नका, खाकी दिसली की अर्धी माणसं पसार. तोंडावर बॅटरी मारायची नाही, झोपलेल्याला उठवायचं नाही, त्याच्यासाठी पहाटे पाचला चहाचा थर्मास घेऊन परत यायचं. आणि मोबाईलवर फोटो काढायचे नाहीत, अजिबात नाहीत, स्टेटसला टाकायला तर नाहीच नाही.

पहिला प्रश्न "नाव काय तुमचं" हा नसतो. तो प्रश्न पोलीस विचारतात. "जेवण झालं का?" इथनं सुरू करा, त्याच्यावर माणूस आपोआप बोलायला लागतो की आज देवळात महाप्रसाद होता किंवा काल पासनं काही नाही.

आणि खरी माहिती तुम्हाला बेघर माणसाकडनं कमी आणि त्याच्या आसपासच्यांकडनं जास्त मिळते. रात्रपाळीचे सफाई कामगार, चहाच्या टपरीवाला, सुलभ शौचालयात बसणारा पोरगा, हमाल, एसटीचा कंट्रोलर, यांना सगळं माहीत असतं, कोण कधी आला, कुणाला फिट येते, कोण पिऊन धिंगाणा करतो, कोणत्या बाईला रात्री त्रास होतो आणि कोण देतो.

साधं शंभर पानी रजिस्टर पुरतं. नाव (टोपणनाव चालतं), कुठं झोपतो, कधीपासून, मूळ गाव, काम काय करतो, दुखणं काय, घरी कोण, आणि शेवटचा रकाना, "काय पाहिजे". हा शेवटचा रकाना नीट वाचा. आम्हाला वाटलेलं सगळे "राहायला जागा" म्हणतील. पण पहिल्या रात्री सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर होतं "पिशवी ठेवायला जागा". दिवसा कामाला गेलं की मागं सामान चोरीला जातं, त्यात आधार कार्ड जातं, औषधं जातात, म्हणून कामालाच जाता येत नाही.

पायरी २: सगळे बेघर एका माळेचे मणी नाहीत

यादी समोर घेऊन बसलात की लगेच कळतं की ह्यात चार-पाच वेगवेगळे प्रश्न आहेत.

कामकरी माणसं असतात, मजूर अड्ड्यावरची, भंगार वेचणारी, लग्नाच्या सीझनला केटरिंगमध्ये वाढप्याचं काम करणारी. ह्यांना दया नको, रात्रीची सुरक्षित जागा, अंघोळीला पाणी आणि लॉकर पाहिजे, बाकीचं ते बघतात. मग म्हातारी माणसं, काही घरातनं निघालेली, काही घरच्यांनी सिव्हिलला ॲडमिट करून फोन बंद केलेली. तीर्थाच्या गावांत, पंढरपूर तुळजापूरसारख्या ठिकाणी, दर्शनाला आणून मागं सोडून गेल्याच्या गोष्टी तुम्हीपण ऐकल्या असतील. मग मनोरुग्ण. मग व्यसनी. आणि मग पालावरची कुटुंबं, वैदू, नाथजोगी, पारधी, मसणजोगी वगैरे भटके-विमुक्त, ह्यांना निवाऱ्यात घालायला जाऊ नका, त्यांना एक रात्रीची खाट नकोय, पाल ठोकायला जागा आणि नंतर कायमची वसाहत पाहिजे, तो वेगळा लढा आहे. निवाऱ्यात बाया एका खोलीत बाप्ये दुसऱ्या खोलीत आणि बकरी बाहेर, असं कोण कुटुंब येईल?

यादीतली एक गोष्ट मात्र शंभर टक्के वेगळी लिहून जवळ ठेवा, ती म्हणजे मूळ गावाचा रकाना. कारण नगरपरिषदेत पहिला आक्षेप हाच येणार: "सोय केली की बाहेरचे येऊन बसतील". आमच्या यादीत निम्म्याच्या वर माणसं ह्याच जिल्ह्यातली निघाली, काही तर ह्याच गावच्या जुन्या पेठेतली, ज्यांची भाऊबंदकीत घरं गेली. सभेत मी तो कागद वाचून दाखवला तेव्हा एका नगरसेवकाला त्यात त्याच्या वर्गातला पोरगा सापडला. त्यानंतर तो आक्षेप कुणी घेतला नाही.

पायरी ३: ठराव आणि पैसा

इथं थोडं कायद्याचं बोलावं लागेल, कंटाळा करू नका, हे दोन-तीन मुद्दे सीओंच्या (न.प.च्या मुख्याधिकाऱ्यांच्या) टेबलावर लय कामाला येतात.

सुप्रीम कोर्टानं अन्नाच्या हक्काच्या केसमध्ये २०१० ला मोठ्या शहरांना सांगितलं की लाख वस्तीमागं एक निवारा, आणि तो चोवीस तास उघडा. मग २०१३ ला राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं (सगळे एनयूएलएमच म्हणतात), त्यात शहरी बेघरांसाठी निवारा हा वेगळा घटक होता. दर लाख वस्तीमागं निदान शंभर माणसांची सोय, एका निवाऱ्यात ५० ते १००, माणसी कमीत कमी ५० चौरस फूट जागा, पाणी-संडास-बाथरूम, स्वयंपाकाची जागा, लॉकर, तीन पाळ्यांना काळजीवाहक. तरी कामं होईनात म्हणून नोव्हेंबर २०१६ मध्ये कोर्टानं न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली आणि पैसे पडून असताना निवारे का नाहीत हे तपासायला लावलं.

आता अडचण काय, तर त्या मिशनची मुदत २०२४ मध्ये संपली. त्यामुळं कुणी जुना जीआर व्हॉट्सॲपवर पाठवला तर त्याच्या भरवशावर फाईल करू नका, कलेक्टर ऑफिसच्या नगरपालिका प्रशासन शाखेत जाऊन सध्या निवाऱ्याचा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा ते लेखी विचारा. जागेचे आणि माणसी सोयीचे निकष मात्र तेच धरा, त्याच्यापेक्षा चांगले दुसरे कुठं लिहिलेले नाहीत.

ठराव करून घेताना पुढचे शब्द त्यात येतील असं बघा: चोवीस तास, बायकांची वेगळी सोय, चालवणाऱ्या संस्थेचं बिल दर महिन्याला. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडं एकदा सलग सात महिने बिल निघालं नाही, फाईल लेखा विभागात एका सहीसाठी पडून होती, काळजीवाहक मावशी पगाराविना काम करत होत्या आणि किराणावाल्यानं शेवटी उधारी बंद केली. निवारे निधी नाही म्हणून कमी आणि बिल अडकतं म्हणून जास्त बंद पडतात, हे माझं मत आहे आणि ते कुणी खोडून काढेल असं वाटत नाही.

नगरपरिषदेकडं खरंच पैसा नसेल तर जागा, पाणी आणि वीजबिल एवढं तरी तिच्याकडनं घ्या. जेवण गाव देतं. दशक्रिया, वाढदिवस, लग्न, नवरात्र, गावात अन्नाला कधीच तोटा नसतो, तोटा असतो तो संडास धुणाऱ्याच्या पगाराला. देणगी मागताना हे तोंडावर सांगा, "ब्लँकेट नको साहेब, एका महिन्याचा सफाईचा पगार द्या".

पायरी ४: जागा

आता आम्ही माती खाल्ली ती गोष्ट. नगरपरिषदेची एक बंद पडलेली शाळा होती, गावाबाहेर, कचरा डेपोच्या रस्त्याला, स्टँडपासनं तीन किलोमीटर. फुकट मिळतेय म्हणून घेतली. रंग दिला, पन्नास खाटा टाकल्या, फीत कापली, पेढे वाटले. पहिल्या रात्री अकरा जण आले, तेपण आम्ही टेम्पोतनं नेले म्हणून. आठवड्यानं चार उरले.

आम्ही चिडलो, "ह्यांना सुधारायचंच नाही" वगैरे बोललो. मग भंगार वेचणाऱ्या एका काकांनी सरळ हिशोब मांडला. ते म्हणाले, "पहाटे चारला मार्केट यार्डात गेलं तर पुठ्ठा मिळतो, सहाला गेलं की दुसरा उचलतो. तुमच्या शाळेतनं मी चारला कसा येऊ, आणि पोती कुठं ठेवू, तुमचा वॉचमन म्हणतो घाण आत आणायची नाही." विषय संपला.

त्यामुळं नियम एकच, माणसं जिथं झोपतात तिथनं चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आत. स्टँडजवळचा न.प.चा गाळा, जुना दवाखाना, जकात नाके बंद झाल्यापासनं पडून असलेली नाक्याची खोली, बाजार समितीचं शेड, असलं काहीतरी प्रत्येक गावात असतं. मालमत्ता विभागातल्या जुन्या क्लार्कला चहा पाजा, त्याला सगळ्या रिकाम्या जागा तोंडपाठ असतात. पन्नास खाटांची एक दूरची जागा असण्यापेक्षा वीस-वीसच्या दोन जवळच्या कधीही बऱ्या.

शेजारचे लोक विरोध करणार. करू द्या. त्यांना मीटिंग घेऊन समजावण्यापेक्षा सुरू व्हायच्या आधी गल्लीतल्या चार बायकांना आत आणून संडास-बाथरूम दाखवा, आणि गेटवर कोण असतं त्याचा मोबाईल नंबर त्यांच्याकडं द्या. आमच्या दुसऱ्या जागेला सह्यांचं निवेदन गेलेलं, आज त्याच गल्लीतनं पोळ्या येतात.

पायरी ५: रोजचं चालवणं

नियम जेवढे कमी तेवढी माणसं टिकतात. आम्ही सुरुवातीला भिंतीवर सतरा नियम लावले होते, प्रार्थनासुद्धा होती. आता तीन आहेत: मारामारी नाही, आत पिणं नाही, बायकांच्या बाजूला बाप्यांनी जायचं नाही. "पिऊन येणं नाही" असा नियम आम्ही काढून टाकला, कारण पिऊन आलेल्याला डिसेंबरच्या थंडीत बाहेर ठेवलं तर सकाळी काय बघायला मिळेल ह्याची गॅरंटी नाही. पिऊन आला तर दाराजवळची खाट, गुपचूप झोपायचं. ह्यावर संस्थांमध्ये दोन मतं आहेत, माझं हे असं आहे.

पोत्यांसाठी मागं पत्र्याचं शेड आणि कुलूप, हातगाडीला साखळी. कुत्रं असेल तर कुत्र्यालापण अंगणात जागा, आमच्याकडं एक आजी निव्वळ तिची राणी बाहेर राहील म्हणून चार महिने आत आली नाही. आणि ढेकूण! ढेकणांचा बंदोबस्त पहिल्या दिवसापासनं करा, लाकडी खाटा घेऊच नका, लोखंडी घ्या, चादरी दर आठवड्याला गरम पाण्यातनं काढा. ढेकूण झाले की माणसं परत फलाटावर, त्यात त्यांची काय चूक.

काळजीवाहक निवडताना शिक्षण बघू नका, आवाज बघा. जो खेकसतो तो नको. आमच्या मावशी स्वतः दोन वर्षं स्टेशनवर राहिलेल्या आहेत, कोण खोटं बोलतोय आणि कोण आजारी आहे हे त्यांना दारातच कळतं.

पायरी ६: मनोरुग्णांच्या बाबतीत घाई करायची नाही

अंगावर चिंध्या, जटा, स्वतःशी बोलणारा माणूस दिसला की गावात एक टोळी तयार होते जी त्याला धरते, अंघोळ घालते, केस कापते, नवीन कपडे घालते आणि त्याचा व्हिडिओ टाकते. भावना चांगली असते हो, पण त्या माणसाच्या बाजूनं विचार करा, चार अनोळखी लोक अंगावर आले, कात्री घेऊन. आमच्याकडं एकाचं असं केलं तो दुसऱ्या दिवशी गावातनं नाहीसाच झाला, परत दिसला नाही. दाढी-कटिंग ही शेवटची पायरी आहे, तो स्वतः न्हाव्यासमोर बसेल तेव्हाची.

कायदा इथं तुमच्या बाजूनं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १००. रस्त्यावर भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण दिसला तर त्याला संरक्षणात घेणं ही पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, आणि घरचे सापडत नसतील तर मिसिंगची नोंद करून शोध घ्यायचा. ठाणे अंमलदाराला हे कलम माहीत नसतं बऱ्याचदा, एक झेरॉक्स खिशात ठेवा आणि भांडायचं नाही, "साहेब हे बघा" एवढंच. सिव्हिलला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर असतात, त्यांची ओपीडी कोणत्या वारी असते ते माहीत करून ठेवा. पुढं ॲडमिट करायची वेळ आली तर राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याचं काम कर्जतला डॉ. भरत वाटवानींच्या श्रद्धा फाउंडेशननं केलंय, त्यासाठी त्यांना २०१८ चं मॅगसेसे मिळालं. त्यांच्या कामातनं एक गोष्ट पक्की कळते की औषध सुरू झालं आणि काही आठवडे गेले की माणसाला गाव आठवायला लागतं.

आणि गाव आठवायला लागल्यावर "पत्ता सांग" म्हणून उपयोग नाही. पत्ता कुणालाच सांगता येत नाही. हे विचारा: तुमच्याकडं बाजार कोणत्या वारी भरतो? जत्रा कुणाची, कोणत्या महिन्यात? नदी कोणती? एसटीच्या पाटीवर काय लिहिलेलं असायचं? शेतात काय पिकतं? एका बाईला आम्ही महिनाभर नाव-गाव विचारत होतो, काही नाही. एकदा मावशींनी भाकरी थापता थापता विचारलं, "तुमच्यात बाजारादिवशी काय आणायचे?" तर ती म्हणाली, मंगळवारी बाबा भत्ता आणायचे, चिरमुरे-फरसाणाचा. मंगळवारचा बाजार आणि तिच्या बोलण्यातला हेल, ह्यावरनं दोन तालुके धरले, तिथल्या पोलीस पाटलांना फोन केले, पाचव्या फोनला गाव लागलं.

परराज्यातला असेल तर भाषेचा माणूस गावातच असतो. बंगालीसाठी सराफ कट्ट्यावरचे कारागीर, हिंदी पट्ट्यासाठी पाणीपुरीवाले आणि पीओपीवाले, तेलुगूसाठी पद्मशाली समाजातलं कुणी, राजस्थानीसाठी मिठाईवाले. आम्ही एका माणसाला सहा महिने मुका समजत होतो आणि सोन्याच्या कारागिरानं दोन वाक्यं बोलल्यावर तो ढसाढसा रडला.

पायरी ७: कागद

कागद नाही म्हणजे माणूस नाही, आपल्या सिस्टीममध्ये.

आधारपासनं सुरू करा. बऱ्याच जणांचं आधार आधी काढलेलं असतं, हरवलेलं असतं. आधार केंद्रावर अंगठ्यावरनं जुनं निघू शकतं. नवीन नोंदणी केली आणि ती डुप्लिकेट म्हणून रिजेक्ट झाली तर वैतागू नका, आनंद करा, म्हणजे जुनं आहे आणि त्यावर मूळ पत्ता आहे, घर शोधायचं काम अर्धं झालं. खरंच नसेल तर यूआयडीएआयचा (आधार देणाऱ्या प्राधिकरणाचा) ठराविक नमुन्यातला दाखला असतो, त्याच्यावर फोटो लावून मान्यताप्राप्त निवारा केंद्राचे प्रमुख किंवा नगरसेवक-आमदार सही देऊ शकतात. निवाऱ्याचा पत्ता चालतो.

मतदार यादीला तर पत्त्याचा पुरावासुद्धा लागत नाही. फॉर्म ६ भरायचा, बीएलओनं (मतदान केंद्राची यादी बघणाऱ्या कर्मचाऱ्यानं) एकापेक्षा जास्त रात्री येऊन तो माणूस तिथंच झोपतो हे बघायचं, झालं. बीएलओ म्हणजे बहुतेक शाळेच्या मॅडम असतात, रात्री त्यांना एकटं बोलवू नका, तुमच्यापैकी कुणीतरी बरोबर जा. आणि खरं सांगू का, आमच्या निवाऱ्यातल्या चाळीसेक जणांची नावं मतदार यादीत आली त्याच्यानंतर नळ दुरुस्तीला प्लंबर त्याच दिवशी यायला लागला.

पेन्शनसाठी तहसीलमध्ये संजय गांधी निराधार (६५ च्या आत) आणि श्रावणबाळ (६५ च्या वर), दिव्यांग सोडून बाकीच्यांना महिन्याला १५०० रुपये. उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजारांच्या आत आणि महाराष्ट्रात १५ वर्षं रहिवास. अडतं ते तलाठ्याच्या दाखल्यावर, "इथं राहतोय हे मी कशावरनं लिहू". त्याला तुमचं रजिस्टर दाखवा. तारीखवार नोंदी असलेलं रजिस्टर म्हणूनच पहिल्या दिवसापासनं नीट ठेवायचं. म्हाताऱ्यांना घरच्यांनी टाकलेलं असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताकडं (उपविभागीय अधिकाऱ्याकडं) अर्ज करता येतो, टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मी शक्यतो अर्ज करायच्या आधी मुलाला एक फोन करतो आणि कलम वाचून दाखवतो, दोनदा त्यावरच मुलगा गाडी घेऊन आला. गेल्यावर आजीला नीट बघतो का, हे मात्र दर महिन्याला फोन करून विचारावं लागतं.

लेकरं असतील तर शाळेत बिनधास्त घाला, जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात (आरटीई) तसं स्पष्ट आहे. हेडमास्तर नाही म्हणाले तर गटशिक्षणाधिकारी.

मधेच एक: हे करू नका

मंत्री येणार म्हणून आदल्या रात्री माणसं गाडीत भरून शेजारच्या तालुक्याच्या हद्दीत सोडून यायची, हा प्रकार अजून चालतो. आमच्या हद्दीत दुसऱ्यांची सोडलेली माणसं सापडलीत आणि आमच्या गावची दुसरीकडं. ह्याच्यात फक्त डिझेल जळतं. दुसरं, भिकारी म्हणून उचलायची मोहीम. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंध कायदा आपल्याकडं अजून आहे, त्यात उदरनिर्वाहाचं साधन न दिसता नुसतं भटकणंसुद्धा भीक धरलंय आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं डांबून ठेवता येतं. दिल्ली हायकोर्टानं २०१८ मध्ये त्याची बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आणि जुलै २०२१ मध्ये भिकाऱ्यांना रस्त्यावरनं हटवा अशी मागणी सुप्रीम कोर्टात आली तेव्हा कोर्ट म्हणालं की हा सामाजिक-आर्थिक प्रश्न आहे, आम्ही असली उच्चभ्रू भूमिका घेणार नाही. नगरसेवकांना हे सांगा.

पायरी ८: निवाऱ्यातनं बाहेर

निवारा भरलेला आहे म्हणून खूश होऊ नका. तीच तीच माणसं तीन वर्षं तिथंच असतील तर तो निवारा नाही, गोडाऊन आहे. घरकुल योजनेच्या नादाला लगेच लागू नका, जागेचा कागद नसलेल्या माणसाला ते मिळेपर्यंत चपला झिजतात. त्यापेक्षा दोघं-तिघं कमावते एकत्र करून पत्र्याची एक खोली भाड्यानं, डिपॉझिट संस्थेनं द्यायचं आणि ते महिन्याला थोडं थोडं परत घ्यायचं. घरमालक तयार होत नाहीत, मग आम्ही काय केलं, तर पहिल्या सहा महिन्यांच्या भाड्याला गावातल्या एका दुकानदाराला जामीन ठेवलं. दोनदा पैसे बुडाले. चालायचंच.

काम द्यायला नगरपरिषदच बरी, घंटागाडी, बाग, सफाईचा ठेकेदार. ठेकेदाराला सांगून चार जण लावून घ्या, पण पगार त्यांच्या खात्यावर जाईल एवढं बघा, हातात दिला की ठेकेदाराचा मुकादम मधेच कापतो.

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रजिस्टर घेऊन बसायचं. न.प.चा एक माणूस, सिव्हिलचा एक, ठाण्यातला एक आणि तुम्ही, अर्धा तास, चहाबरोबर. एकेक नाव वाचायचं, ह्याचं काय झालं, पुढं काय, कोण करणार. खोलीत गेला त्याच्यापुढं खूण, घरी गेला त्याच्यापुढं फोनची तारीख, वारला तर तेही लिहायचं. आणि सगळी यादी वर्षातनं दोनदा रात्री फिरून नव्यानं करायची, एक थंडीच्या आधी ऑक्टोबरच्या शेवटाला आणि दुसरी एप्रिलमध्ये साखर कारखान्यांचे पट्टे पडल्यावर (हंगाम संपल्यावर), कारण ऊसतोडीच्या टोळ्या गावी जातात आणि त्यांच्यातली आजारी पडलेली, मुकादमाशी बिनसलेली, एखादी नवऱ्यानं सोडलेली, अशी दोन-चार माणसं तुमच्या स्टँडवर मागं राहतात. त्यांना पहिल्या आठवड्यात गाठलं तर एका तिकिटाच्या पैशात ती घरी जातात, सहा महिन्यांनी गाठलं तर मग वर लिहिलेलं सगळं करावं लागतं.